पावती, कुलूप आणि नग



विदर्भ एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर मंत्रालयात खेटे घालायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत नागपूरकडे निघायचं, हे आपल्यापैकी अनेकांनी केलं असेल. कामाचं व्हायचं ते होतं, पण दिवसभर बॅगेचं करायचं काय? ती घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये शिरलं की चारजणांची बोलणी खावी लागतात. पूर्वी चहावाल्याला "जरा लक्ष ठेवा हो" म्हणून निघता यायचं. आता बेवारस बॅग दिसली की पोलीस येतात, त्यामुळे चहावालाही लांबूनच हात जोडतो.

अशा वेळी कामाला येते ती क्लोक रूम. आपण तिला सर्रास 'क्लॉक रूम' म्हणतो. खरं तर क्लोक म्हणजे अंगावरचा झगा. तो उतरवून ठेवायची ती खोली. पण आपली चूक अगदीच वाया जात नाही, कारण तिथलं भाडं घड्याळावरच चालतं. २४ तास झाले की पुढचा आकार सुरू. हिंदी पाटीवर 'अमानती सामान घर' असं लिहिलेलं असतं. यातली अमानत मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल होऊन 'अनामत' झाली. विश्वासाने ठेवलेली वस्तू, हा तिचा मूळ अर्थ.

विश्वास असला तरी खिडकीवर तुम्हाला तिकीट विचारतात. प्रवासाचं तिकीट हवं, प्लॅटफॉर्म तिकीट चालत नाही. ओळखपत्रही जवळ असू द्या. मग बॅगेला कुलूप आहे का, ते बघतात. नुसती चेन ओढलेली बॅग किंवा सुतळीने बांधलेलं बोचकं परत करतात. उगाच नाही हा हट्ट. उघड्या पिशवीतून काय गेलं आणि मुळात काय होतं, याचा वाद नंतर कोण मिटवणार? आंब्याची पेटी, मासळी असलं नाशवंत सामानही घेत नाहीत. आकार वजनावर नसतो, नगावर असतो. म्हणजे तीन छोट्या पिशव्यांपेक्षा एक मोठी बॅग स्वस्त पडते. सामान महिनाभरापेक्षा जास्त ठेवता येत नाही.

आता पावतीचं बघू. १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १०० असं आहे की, जे सामान तुम्ही नोंदवलं नाही आणि स्वतःजवळच ठेवलं, ते हरवलं तर रेल्वेच्या माणसाचा हलगर्जीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. बर्थखालच्या बॅगेचा राखणदार म्हणजे तुम्हीच. पावती घेऊन खिडकीपलीकडे दिलेल्या बॅगेची गोष्ट वेगळी, ती ठेव झाली. १८७२चा करार कायदा ठेव सांभाळणाऱ्याकडून एवढंच मागतो की, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यावी. तेव्हा दागिने, रोकड, जमिनीची मूळ कागदपत्रं आत ठेवूच नयेत. शहाणा माणूस स्वतःच्याही बॅगेत ती ठेवत नाही.

पावती हरवली तर बॅग मिळत नाही असं नाही. पण सामान आपलंच आहे हे पटवून द्यावं लागतं, वर हमीपत्र लिहून द्यावं लागतं. गाडीची वेळ झालेली असताना हे करून बघा!

मुंबईच्या काही मोठ्या स्टेशनांवर आता मोबाइलवरून पैसे भरून उघडायचे डिजिटल लॉकरही आले आहेत. लहान स्टेशनांवर मात्र क्लोक रूमच नसते, हे निघण्याआधी विचारून घ्या. खिडकी रात्री किंवा जेवणाच्या वेळी बंद राहते का, हेही विचारा.

आणि हो, पावती खिशात ठेवा. एका गृहस्थांनी ती नीट जपून ठेवली होती, बॅगेच्याच पुढच्या कप्प्यात. नंतर त्यांनी बॅगेला कुलूप लावलं आणि ती खिडकीतून आत सरकवली.