सालीखालचा चोर

आज आपण आपल्या परसातल्या आणि बांधावरच्या झाडांबद्दल बोलणार आहोत. पेरू, शेवगा, बोर, आवळा, डाळिंब ही झाडं आपल्यापैकी कितीतरी जणींच्या हातखर्चाचा आधार आहेत. बाजाराच्या दिवशी दोन पाट्या पेरू विकले, की मुलांच्या वह्यांचे पैसे कुणाकडे मागावे लागत नाहीत. पण असं झाड एकाएकी कमी फळायला लागतं, एखादी फांदी वाळते, आणि घरात कुणीतरी म्हणतं, "म्हातारं झालं, तोडून टाका."

तोडण्याआधी एक करूया. जिथे दोन फांद्या फुटतात, त्या बेचक्यात नीट बघूया. तिथे सालीवर जुन्या गोणपाटाच्या चिंधीसारखी तपकिरी पट्टी दिसते का? हात लावला की भुसा पडतो का? तसं असेल तर दोष झाडाच्या वयाचा नाही. ती साल खाणारी अळी आहे.

पुष्कळदा आपण तिला वाळवी समजतो आणि बुंध्याशी औषध ओततो. वाळवीचं लेपण मातीचं असतं आणि बहुधा जमिनीपासून वर चढतं. या अळीची पट्टी मात्र रेशमी धागा, सालीचा चुरा आणि अळीची विष्ठा यांची असते. ती पट्टी जिथे सुरू होते तिथे लाकडात एक भोक असतं. दिवसा अळी त्या भोकात लपते. रात्री बाहेर येऊन पट्टीच्या आडोशाने साल खाते. पानांनी तयार केलेलं अन्न आतल्या सालीतूनच खाली मुळांकडे जातं. तो रस्ता तुटला की झाड उपाशी राहतं. लहान झाड तर मरूही शकतं.

आता तिचं वर्ष समजून घेऊया, कारण उपाय त्यातच आहे. उन्हाळा संपताना, पावसाच्या तोंडावर फिकट रंगाचे पतंग बाहेर पडतात. ते जेमतेम काही दिवस जगतात, पण तेवढ्यात मादी सालीच्या फटींमध्ये १५ ते २५ अंड्यांचे पुंजके घालते. ८ ते १० दिवसांत अळ्या निघतात. पुढचे ९ ते १० महिने अळी झाडातच राहते. एप्रिलच्या सुमारास ती त्याच भोकात कोष करते. ३-४ आठवड्यांनी पतंग उडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे वर्षाला एकच पिढी. ही कीड भारतभर आहे. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि म्यानमारमध्येही ती आढळते.

अळी इतके महिने एकाच जागी बसते, हेच आपल्या फायद्याचं आहे. पाऊस ओसरला, दसरा-दिवाळी आली, की झाडं तपासायची. पट्टी खराट्याने झाडून काढायची, म्हणजे भोक दिसतं. त्यात लवचीक तार शेवटपर्यंत घालून फिरवायची. साधारणपणे एका भोकात एकच अळी असते. तार पोचत नसेल तर रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा छोटा बोळा आत सरकवायचा आणि तोंड चिखलाने लिंपायचं. हे करताना विडी-काडी जवळ नको, मुलं लांब ठेवायची आणि नंतर हात साबणाने धुवायचे. आठ दिवसांनी पुन्हा बघायचं. ताजा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत आणखी एक फेरी मारायची. दाट, एकमेकींत घुसलेल्या फांद्या विरळ करायच्या आणि वाळलेल्या काढून टाकायच्या.

शेवटची गोष्ट गटासाठी. पतंगाला कुंपण नसतं. एकीने झाड साफ केलं आणि शेजारणीचं तसंच राहिलं, तर जूनमध्ये तो पुन्हा इकडे येणार. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक दिवस ठरवूया आणि वाडीतली सगळी झाडं मिळून बघूया. जिचं झाड तोडायचं ठरलंय, तिच्या घरापासून सुरुवात करूया. तार आणि खराटा तर प्रत्येकीच्या घरी आहेच.