पोलाद वितळत नाही, तरी मजले कोसळतात

आगीत पोलाद वितळतं का? नाही. त्याला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात, ऑफिसातली आग १००० च्या आसपास जाते. पण वितळायची गरजच कुठंय? लोहार तरी लोखंड कुठे वितळवतो, लाल करून वाकवतोच ना! ६०० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. वरचं वजन मात्र तेवढंच.

माद्रिदचा विंडसर टॉवर घ्या. ३२ मजले, मधला गाभा काँक्रीटचा, कडेचे खांब पोलादी. १२ फेब्रुवारी २००५ च्या रात्री २१व्या मजल्यावर आग लागली. दुर्दैव बघा, या खांबांवर आगरोधक आवरण चढवायचं काम तेव्हा सुरूच होतं, खालून वर. ते आवरण आग विझवत नाही. पोलाद तापायला उशीर लावतं, बस्स. पण तोच उशीर कामाचा असतो.

१७व्या मजल्याच्या वर काम पोचलंच नव्हतं. तिथले खांब वाकले, मजल्यांच्या कडा धडाधड खाली आल्या. आग खालीही पसरली, पण तिथे इमारत टिकली. काँक्रीटचा गाभाही उभा राहिला. स्प्रिंकलर? नव्हते. इमारत रिकामी होती म्हणून कुणी दगावलं नाही. उरलेला सांगाडा नंतर पाडून टाकला.