पेटीत नसलेली हत्यारे



काल याच व्यासपीठावर संतवाङ्मयावर फार सुंदर व्याख्यान झाले आणि उद्या शेतीमालाच्या भावांवर व्हायचे आहे. या दोहोंच्या मध्ये चालकांनी मला उभे केले आहे, आणि माझा विषय आहे पाने, पकडी आणि स्क्रूड्रायव्हर. तेही खऱ्या मोटारीचे नव्हेत, रेडिओच्या लहरींवर चालणाऱ्या हातभर लांबीच्या मोटारीचे. पत्रिकेवर विषय वाचून आमचे एक शेजारी मला म्हणाले, "काय हो, सुट्टीत खेळणी दुरुस्त करायचा वर्ग काढलात की काय?" मी म्हटले, "वर्ग नाही, पण मोडलेले काही असेल तर घेऊन या." ते आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत, हात मात्र रिकामे दिसतात.

प्रथम एक भेद सांगितला पाहिजे. जत्रेत किंवा दुकानात जी रिमोटची गाडी मिळते ती बिघडली की टाकून द्यायची असते. ती उघडता यावी अशी कोणाची इच्छाच नसते. मी ज्या गाडीविषयी बोलतो ती सुट्या भागांच्या खोक्यातून येते. तिला खऱ्या मोटारीसारखे तेल भरलेले धक्काशोषक असतात, डिफरन्शिअल असतो, चाकांचा कल बदलता येतो. जपानातल्या शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओची मोटार काढली. १९८४ साली त्याच कंपनीची ग्रासहॉपर निघाली, म्हणजे आपला नाकतोडा, आणि जगभरच्या कित्येक पोरांची ती पहिली गाडी ठरली. त्याच साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड या कंपनीची आरसी१० आली. ती मात्र शर्यतवाल्यांची. त्या काळी २७ मेगाहर्ट्‌झवर खेळ चाले आणि दोघांपाशी एकाच लहरीचा स्फटिक निघाला, की एकाने कळ दाबावी आणि दुसऱ्याची गाडी भिंतीवर जावी. आता २.४ गिगाहर्ट्‌झचे संच आपली वाट आपणच शोधतात. असो. रेडिओ हा माझा प्रांत नव्हे.

माझा प्रांत हत्यारांचा. एकतीस वर्षे मी कारखान्यात टूलरूममध्ये काढली. हजाराव्या भागाच्या मापात काम केले. आणि तरीही पुढली फजिती माझ्याच घरात, माझ्याच हत्याराने झाली, म्हणून तर हे व्याख्यान.

माझ्या अकरा वर्षांच्या नातवाला त्याच्या मामाने ग्रासहॉपरचे खोके आणून दिले. तामिया जुन्या गाड्या अधूनमधून पुन्हा काढते, त्यांतलीच ही. पोराने दोन संध्याकाळी बसून, चित्रांच्या पुस्तकावरून, कोणाची मदत न घेता गाडी उभी केली. तिसऱ्या दिवशी मागून करकर आवाज येऊ लागला म्हणून तो दंतचक्रांची डबी उघडायला बसला. हातात माझा स्क्रूड्रायव्हर, जर्मन पोलादाचा, वीस वर्षे जपलेला. एक स्क्रू फिरला, दुसरा फिरला, तिसऱ्यावर ड्रायव्हर उसळून वर आला. पुन्हा लावला, पुन्हा उसळला. चार वेळा असे झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरची फुली जाऊन तिथे गुळगुळीत वाटी झाली. पोराने ड्रायव्हर खाली ठेवला आणि मला म्हणाला, "आबा, माझा हात चांगला नाही." मी काय म्हणावे? मी म्हणालो, "जोर कमी पडला." त्यानंतर दीड महिना त्या खोक्याला कोणी हात लावला नाही.

आता जोर कमी पडला हे माझे म्हणणे अगदी खोटे होते, ते कसे ते पाहा. फुलीच्या डोक्याचा जो स्क्रू आपण नित्य पाहतो त्याला फिलिप्सचा स्क्रू म्हणतात. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सने थॉम्पसन नावाच्या संशोधकाची कल्पना विकत घेऊन तीवर काम केले, १९३६ साली पेटंट मिळवले, आणि लौकरच कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यात हे स्क्रू शिरले. त्याची खाच उतरत्या बाजूंची असते; जोर वाढला की ड्रायव्हर आपोआप वर चढून बाहेर पडतो. जपान्यांनी आपल्या उद्योगमानकात जी फुली ठरवली ती दिसायला हुबेहूब तशीच, पण आतून किंचित निराळी. जपानी मापाच्या ड्रायव्हरचे टोक थोडे अधिक बोथट कापलेले असते आणि त्याच्या कडा खाचेच्या तळापर्यंत भिडतात. फिलिप्सचे टोक जपानी स्क्रूत घातले तर ते तळाला आधी टेकते आणि कडा अधांतरी राहतात. मग आपण जितका जोर करू तितके आपण खाच तासत असतो. म्हणजे पोराचा हात चांगलाच होता, आणि जोरही कमी नव्हता. उलट तो जितका झटला तितके नुकसान झाले.

मला हे ठाऊक नव्हते. कारखान्यात आमचे सारे स्क्रू षट्‌कोनी खाचेचे. फुली ती फुली, एवढीच माझी समजूत. जपानी मापाचा दोन क्रमांकाचा ड्रायव्हर मी मागवला तेव्हा घरात कोणीतरी म्हणालेच, "पेटीत सात ड्रायव्हर असताना आठवा कशाला?" दिसायला तो सातांसारखाच, हे खरे. परीक्षा अगदी सोपी आहे. ड्रायव्हर आडवा धरा, लोहचुंबक नसलेला, आणि टोकावर स्क्रू लावून पाहा. माप जुळत असेल तर स्क्रू तसाच आडवा टिकून राहतो. नसेल तर मान टाकतो. दुकानात उभे राहून, एक पैसा न खर्चता ही परीक्षा करता येते.

शर्यतीच्या गाड्यांत फुली नसते, षट्‌कोनी खाच असते. तिच्यासाठी आपली अ‍ॅलन की. इथे फसगत दुसरी आहे. दीड, दोन आणि अडीच मिलिमीटर ही तीन मापे बहुतेक सारे काम भागवतात. परंतु जुन्या अमेरिकी गाड्यांचे स्क्रू इंची. एक-सोळांश इंच म्हणजे १.५९ मिलिमीटर. त्यात दीडची की सुखाने जाते, आणि सुखाने जाते हेच वाईट; ती आत डुगडुगते आणि कोपरे खाते. पाच-चौसष्टांश इंच मात्र १.९८ मिलिमीटर, तिथे दोनची चालून जाते. हा फरक नखाएवढाही नाही, पण ज्याने खाच गोल केली आहे त्याला विचारा. शिवाय अ‍ॅलन कीचे टोक झिजते, ही गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. झिजलेले टोक प्रत्येक नव्या स्क्रूला आपला रोग लावीत जाते. टोक पाठीमागे दोन मिलिमीटर सपाट घासून टाकले की खाली कोरे कोपरे मिळतात. घासताना पाण्यात बुडवीत राहावे, नाहीतर पोलाद मऊ पडते. आणि गोळीसारख्या टोकाची जी की मिळते ती तिरक्या जागी पोहोचायला ठीक, शेवटचा आवळ तिने देऊ नये.

गाडीचा सांगाडा प्लास्टिकचा असतो आणि स्क्रू त्यात स्वतःच आटे पाडतो. पहिल्यांदा बसवताना देवघरातल्या मेणबत्तीवर स्क्रू एकदा घासून घ्या. निम्म्या श्रमाने जातो. पण दुसऱ्यांदा बसवताना सरळ पिळू नका. आधी उलट फिरवा, हलक्या हाताने. एका जागी 'टक्' असे बोटांना जाणवते. तो जुन्या आट्याचा आरंभ. तिथून सुलट फिरवला की स्क्रू आपल्या जुन्या वाटेने जातो. नाहीतर तो दर खेपेला नवी वाट पाडतो, आणि चारपाच खेपांत भोकात आटे उरतच नाहीत. याला हत्यार म्हणावे की नाही मला ठाऊक नाही. फुकट आहे एवढे खरे.

दुसरे फुकटचे हत्यार म्हणजे कागदाची पट्टी. मोटरचे लहान चक्र आणि गाडीचे मोठे चक्र यांचे दात एकमेकांत किती रुतवावेत? फार रुतवले तर मोटर कण्हते आणि तापते. सैल ठेवले तर दात तुटतात. मोठमोठे लोक कानाने ठरवतात. आपण वहीच्या कागदाची बोटभर पट्टी घ्यावी, दोन चक्रांच्या मध्ये घालून फिरवावी, चक्रे कागदावर घट्ट दाबावीत, मोटरचे स्क्रू आवळावेत आणि पट्टी उलट फिरवून काढून घ्यावी. पट्टीवर दातांची स्वच्छ नागमोडी उमटली असेल आणि ती फाटली नसेल, तर अंतर बरोबर. ज्या पट्टीने मी पहिल्यांदा हे केले ती अजून माझ्या पाकिटात आहे.

आता थोडी विकतची हत्यारे. गाडीचे वरचे कवच पॉलिकार्बोनेटचे, पारदर्शक. त्याला रंग आतून देतात. त्यात भोक पाडायला लोक गिरमिट लावतात. गिरमिट त्या पातळ पत्र्यावर घसरते किंवा पकडून चर्र करून चीर पाडते. त्यासाठी निमुळता रीमर असतो, गाजरासारखा. हाताने फिरवीत जावे, भोक हळूहळू मोठे होते, हवे तिथे थांबता येते. चाकांच्या कमानी कापायला वाकड्या पात्याची कात्री. नखांची जुनी कात्रीही चालते, पण घरच्या मंडळींना विचारून घ्या.

धक्काशोषकाचा दांडा धरायला मऊ खाचांची वेगळी पक्कड मिळते. ही चैन वाटते खरी. पण साध्या पकडीने धरलेल्या दांड्यावर केसाएवढा ओरखडा उमटतो, तो प्रत्येक धक्क्याला आतल्या रबरी कड्याला घासतो, आणि आठवड्याने गाडीखाली तेलाचे डबके दिसते. मग आपण तेलाला आणि रबराला दोष देतो.

तसेच ते इंग्रजी ई अक्षरासारखे पोलादी चाप. काढताना त्यांना पंख फुटतात. माझ्या घरातल्या कपाटाखाली त्यांतले किती असतील ते एका केरसुणीलाच ठाऊक. यावर तोड अशी की, हात आणि तो भाग दोन्ही एका पारदर्शक पिशवीत घालायचे आणि आत काम करायचे. उडाला तर पिशवीतच उडेल. सुटे स्क्रू ठेवायला चुंबकी तबक विकत मिळते. मी एका फुटक्या स्पीकरचे लोहचुंबक स्टीलच्या ताटलीखाली चिकटवले आहे. मात्र ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही तीच ताटली घ्यावी. तिच्यातून ओढ आरपार जाते.

चाकांचा कल बदलणारे जे दांडे असतात त्यांच्या एका टोकाला डावे आटे, दुसऱ्या टोकाला उजवे. दांडा न काढता नुसता फिरवला की लांबी बदलते. त्यावर बहुधा एक बारीक खाच असते, डावे टोक ओळखायला. सगळ्या दांड्यांच्या खाचा गाडीच्या एकाच बाजूला ठेवल्या की कुठला कुणीकडे फिरवायचा याचा विचार पुन्हा करावा लागत नाही. जोडताना दोन मिनिटे जास्त लागतात, एवढेच.

आणि एक हत्यार असे आहे की त्याबाबत मी थट्टा करणार नाही. आजच्या पुष्कळ गाड्यांत लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तिचा एकेक घट भरला म्हणजे ४.२ व्होल्ट, तीनच्या खाली गेला की तो बिघडतो, बरेच दिवस ठेवायचा तर ३.८ च्या आसपास ठेवावा. घटाघटांचा व्होल्ट दाखवणारा काडेपेटीएवढा तपासक मिळतो, त्याची किंमत बॅटरीच्या मानाने काहीच नाही. एकूण व्होल्ट बरोबर दिसतो आणि आत एक घट मेलेला असतो, हे त्यावाचून कळत नाही. फुगलेली बॅटरी चार्जरला लावू नये, आणि चांगली बॅटरीदेखील चार्जरला लावून बाहेर जाऊ नये. या बॅटऱ्या पेटतात. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी बाकीचे व्याख्यान विसरले तरी चालेल.

त्या गुळगुळीत झालेल्या स्क्रूचे काय झाले, असे अध्यक्षांनी मघाशी चहाच्या वेळी विचारले. बारीक करवतीच्या पात्याने त्याच्या डोक्यावर आडवी चीर पाडली आणि सपाट ड्रायव्हरने तो निघाला. ते काम मी करणार होतो. मी नातवाला सगळी हकीकत सांगितली. दोन ड्रायव्हर शेजारी ठेवून भिंगातून दाखवले. चूक माझ्या ड्रायव्हरची होती आणि जोराबद्दल मी जे बोललो ते न कळता बोललो, हेही सांगितले. तो बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. मग माझ्या हातातले करवतीचे पाते काढून घेऊन म्हणाला, "तुम्ही बॅटरी धरा." मी विजेची बॅटरी धरून उभा राहिलो. डबीत एक चक्र उलटे बसले होते, म्हणून ती करकर.

हत्यारे मी सोबत आणली आहेत. व्यासपीठाच्या डावीकडे टेबलावर मांडली आहेत, दोन्ही ड्रायव्हर आणि तो चीर पाडलेला स्क्रूही तिथेच आहे. भिंग एकच आहे, तेव्हा रांगेने यावे. आणि रीमरला हात लावताना त्याच्या धारेकडे लक्ष असू द्यावे.