अत्तरांचा संग्रह



वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा अत्तरांच्या संग्रहाची खरी परीक्षा घेतो. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. आणि उष्णता, उजेड व हवा हे तर सुगंधाचे तीन वैरी होत. म्हणून कुप्या गडद कांचेच्या असाव्या, बुचें घट्ट असावीं, व त्या घरांतील सर्वांत थंड, अंधाऱ्या कपाटांत ठेवाव्या. अर्धी रिकामी झालेली कुपी लहान कुपींत ओतून घ्यावी. म्हणजे आंत हवा थोडी राहते.

निवड करतांना नांवापेक्षां नाकावर भिस्त ठेवावी. वाळ्याचे तट्टे भिजले म्हणजे जो वास सुटतो, तो या भागांत घरोघर परिचित आहे. वाळ्याचें अत्तर त्याच्याशीं ताडून पाहावें. कनोजच्या अत्तरांस भौगोलिक मानांकन मिळालें आहे. तेथील जुन्या पद्धतींत देगेंतील फुलांची वाफ भपक्यांतील चंदनाच्या तेलांत उतरते. परंतु चंदन महागल्यामुळें त्याऐवजीं पुष्कळदां पातळ पॅराफिन वापरतात. यास्तव अल्प किंमतीचें 'चंदनी' अत्तर संशयानेंच घ्यावें. मनगटावर एक थेंब लावून चार तासांनीं पुन्हा हुंगून पाहावें.

वाळा व चंदन वर्षानुवर्षें मुरत जातात. मोगऱ्यासारखीं नाजूक अत्तरें मात्र आधीं वापरावीं. जेथें अत्तरदाणी केवळ शोभेस राहते, तेथें सुवास न कळत नाहींसा होतो. हळदीकुंकवास आलेल्या स्त्रियांच्या मनगटीं, पाहुण्यांस दिलेल्या फायांत तो दरवळावा. थोडें घ्यावें, नीट जपावें आणि सढळ हातानें वापरावें, हीच संग्रहाची रीत होय.