तुरुंगाने चूल पेटते का?

 

आजचा विषय जरा अवघड आहे. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, की एखादी हळूच विचारते, "ताई, नवऱ्याने बाहेर बाई ठेवली तर पोलिसात देता येतं का? आता म्हणे तो गुन्हाच राहिला नाही." दुसरी म्हणते, "म्हणजे पुरुषांना रान मोकळंच झालं की!" खरंच तसं झालंय का, ते आज बघू.

आधी जुना कायदा काय होता ते ऐका. इंग्रजांच्या काळात, १८६० साली दंड संहिता झाली. तिच्यातलं कलम ४९७ व्यभिचाराचं होतं. दुसऱ्याच्या बायकोशी, तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवले, तर त्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. आता तक्रार कुणी करायची? त्या बाईच्या नवऱ्याने. नवऱ्याची संमती असेल तर? मग गुन्हाच नाही. आणि आपल्या नवऱ्याने एखाद्या विधवेशी किंवा लग्न न झालेल्या बाईशी संबंध ठेवले तर? तरीही गुन्हा नाही. म्हणजे जिचा संसार मोडला, त्या बायकोला तक्रारीचा अधिकार कधी नव्हताच. दावणीचं जनावर कुणी सोडून नेलं तर मालकाने फिर्याद करावी, तसा हा कायदा होता.

या कलमाविरुद्ध लोक अनेकदा कोर्टात गेले. १९५४ साली मुंबईकडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानेही कायम ठेवलं. शेवटी २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने ते रद्द केलं. त्या पाचांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा या एक बाईही होत्या. नवरा हा बायकोचा मालक नाही, हा त्या निकालाचा गाभा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही व्यभिचाराचं कलम नाही.

मध्ये २०२३ साली संसदेच्या एका समितीने सुचवलं होतं, की हा गुन्हा परत आणावा आणि बाई-पुरुष दोघांनाही सारखा लावावा. ते मान्य झालं नाही. पण आपल्यातल्या काही जणींना ते पटतं. "त्याला आत टाका, म्हणजे अद्दल घडेल," असं त्या म्हणतात. त्यांचा संताप आम्हाला कळतो. ज्याच्यासाठी माहेर सोडलं, त्यानेच फसवलं, तर जीव जळणारच.

तरी आम्हाला वाटतं, हा गुन्हा परत येऊ नये. एक तर नवरा आत गेला म्हणून चूल पेटत नाही. म्हशीच्या कर्जाचा हप्ता आणि पोरांची फी बाईच्याच गळ्यात पडते. दुसरं, कायदा दोघांना सारखा झाला तरी गाव दोघांना सारखं मोजत नाही. बाई गटाच्या मीटिंगला गेली, फोनवर बोलली, तरी संशय घेणारे कमी आहेत का? पोटगी मागायला निघालेल्या बाईला "तुझ्यावरच केस टाकतो" म्हणायला त्यांना किती वेळ लागेल? आजही बायको परपुरुषाबरोबर राहते असं सिद्ध झालं तर तिची पोटगी बंद होते. म्हणून हा आरोप कोर्टात सर्रास होतो. त्यात तुरुंगाची भीती घातली, तर कितीजणी कोर्टाची पायरी चढतील?

गुन्हा नाही म्हणजे माफ आहे, असं मात्र समजू नका. गटाचं कर्ज कुणी थकवलं तर आपण तिला तुरुंगात पाठवत नाही, पण सोडतही नाही. वसुली करतोच. इथेही वसुलीचे रस्ते आहेत.

पहिला रस्ता पोटगीचा. नवऱ्याने दुसरं लग्न केलं किंवा बाई ठेवली, तर बायकोने त्याच्याकडे नांदायला नकार देणं योग्य कारण आहे, असं पोटगीच्या कायद्यातच लिहिलंय. तेव्हा "घर सोडून गेलीस, आता पोटगी नाही" ही धमकी खोटी.

दुसरा रस्ता घराचा. घर सासऱ्याच्या नावावर असो की नवऱ्याच्या, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बायकोला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. मारहाण, चारित्र्यावरून टोचून बोलणं, खर्चाला पैसे न देणं, हे सगळं त्या कायद्यात हिंसाचारच आहे.

तिसरा रस्ता दुसऱ्या लग्नाचा. ज्यांच्या धर्माच्या कायद्यात एकच लग्न चालतं, त्यांनी पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर तो आजही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण लग्न विधीपूर्वक लागल्याचा पुरावा लागतो. म्हणून फोटो, पत्रिका, साक्षीदार सांभाळून ठेवा. आणि हिंदू विवाह कायद्याने जोडीदाराच्या व्यभिचारावरून घटस्फोट मागता येतो, नवऱ्यालाही आणि बायकोलाही.

यासाठी वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. बाईला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अडचणीच्या वेळी १८१ हा नंबर लावा.

शेवटचं एक. अशा प्रकरणात पंचांनी दंड लावणं, कुटुंबाला वाळीत टाकणं किंवा चारचौघींनी मिळून "त्या दुसरीला" मारायला जाणं, यातलं काहीही आपण होऊ देऊ नये. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात कायद्याने गुन्हा आहे. आणि मारहाण केली तर हक्क मागणारी बाईच आरोपी होऊन बसते.

पुढच्या बैठकीत वही मिटण्याआधी दहा मिनिटं यावर बोला. कुणाच्या घरचं नाव न घेता बोला. ज्या मैत्रिणीवर ही वेळ आली असेल ती गप्प बसून ऐकत असेल. तिला रस्ता कळू द्या, आणि तालुक्याला जायची वेळ आली तर तिच्याबरोबर एकीने तरी जा. नमस्कार.