बालमेंदूतज्ज्ञ : साडेअकरा वर्षांची वाट आणि आपली जबाबदारी
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



नांदेड आणि लातूर ही आज डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींची गावे आहेत. ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर माहीत झाला. नांदेडला 1988 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला 2002 पासून. शेजारच्या अंबाजोगाईचे महाविद्यालय तर त्याहून जुने. आपल्या समाजातील मुलेमुली या संस्थांतून एमबीबीएस होऊन बाहेर पडतात, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण एमबीबीएस म्हणजे शेवट, असे आपण मनाशी धरून चाललो आहोत. आज त्या पुढच्या वाटेविषयी बोलायचे आहे, आणि उदाहरण म्हणून लहान मुलांच्या मेंदूचे व मज्जासंस्थेचे आजार पाहणारा डॉक्टर कसा घडतो, ते सांगायचे आहे.

हेच उदाहरण का? कारण हे दुःख आपल्या वस्तीत रोज दिसते. जन्मताच न रडलेले बाळ, वर्ष उलटले तरी मान न धरणारे, तापात झटके येणारे, क्षयरोगाने मेंदूच्या आवरणाला सूज आलेले. अशा मुलाला घेऊन नांदेडचे आईबाप हैदराबाद गाठतात, लातूरचे सोलापूर-पुणे. मजुरी बुडते, उसनवारी होते. आणि त्याआधी कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, ‘बाहेरचे’ म्हणून मांत्रिकाकडे नेणे हे सारे झालेले असते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आकडीवर अंगारा लागावा, ही शोभणारी गोष्ट नाही. आकडी हा मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा बिघाड आहे. नियमित गोळ्यांनी बहुसंख्य मुलांचे झटके आटोक्यात येतात.

आता या डॉक्टरची घडण पाहू. एमबीबीएस साडेपाच वर्षे, इंटर्नशिप धरून. नंतर बालरोगशास्त्रात एमडी, तीन वर्षे. त्यानंतर डीएम किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी, आणखी तीन वर्षे. एकूण साडेअकरा. दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय अशा मोजक्या ठिकाणी हे शिक्षण मिळते. अमेरिकेत साधारण दोन वर्षे बालरोग आणि तीन वर्षे मज्जासंस्था अशी पाच वर्षांची रेसिडेन्सी असते. वाट निराळी, कष्ट तेच.

या वर्षांत निवासी डॉक्टर काय शिकतो? पुस्तके तर आहेतच. पण प्रथम तो पाहायला आणि ऐकायला शिकतो. झटका डॉक्टरसमोर क्वचितच येतो. तो आईने पाहिलेला असतो. हात कोणता हलला, डोळे कुठे वळले, किती वेळ चालले, हे तिच्याकडून धीराने काढून घ्यावे लागते. अलीकडे मोबाइलवर काढलेली चित्रफीत फार उपयोगी पडते. डोक्याचा घेर टेपने मोजणे, ईईजीच्या रेषा वाचणे, एमआरआय समजून घेणे, अतिदक्षता विभागात रात्र काढणे, आणि शेवटी आईबापांना खरे काय ते माणुसकीने सांगणे. हे सारे वरिष्ठांच्या देखरेखीखाली, पुन्हा पुन्हा करूनच अंगी येते.

1841 मध्ये वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने स्वतःच्या तान्ह्या मुलाचे झटके बारकाईने टिपून ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहिले. बाळ वारंवार पुढे वाकते, एवढेच दिसत होते. आज त्या आजाराला त्याचेच नाव आहे. हे झटके पोटदुखीचे किंवा दचकण्याचे समजून सोडून दिले तर बाळाची बुद्धी कायमची खुंटू शकते. लवकर ओळखले तर औषध आहे. शिकलेल्या नजरेचे मोल ते एवढे.

आपल्या परंपरेत जीवकाची कथा आहे. टाकून दिलेले ते मूल पुढे तक्षशिलेला सात वर्षे शिकले. शिक्षण कधी संपणार, असे विचारल्यावर आचार्यांनी सांगितले की योजनभर फिर आणि औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला. तशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. तेव्हा आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण झाले. पुढे त्याने राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या मस्तकावर शस्त्रक्रिया केल्याचे विनयपिटकात आहे. आजारी भिक्खूची तथागतांनी स्वतः सेवा केली आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा असे सांगितले, तेही तेथेच आहे. ज्ञान आणि करुणा या दोहोंची ही शिकवण आहे.

मित्रहो, एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. एमबीबीएसला आरक्षण आहे, एमडीला आहे. डीएमच्या अतिविशेष पायरीवर ते साधारणपणे नाही. तेथे नीट-एसएस ही परीक्षा आणि आपली तयारी एवढेच बळ. पण तिथवर पोचण्याआधीच आपली मुले गळतात. बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर घरी कर्ज आहे, धाकट्यांचे शिक्षण आहे, मुलीचे लग्न ठरवायचे आहे म्हणून. पोरगा डॉक्टर झाला, आता कमवू दे, असे म्हणणाऱ्या बापाला आम्ही दोष देत नाही. त्याने आयुष्यभर वाट पाहिलेली असते. म्हणूनच हे ओझे एकट्या घरावर न टाकता समाजाने वाटून घेतले पाहिजे. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून आणि 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची उभारणी सुरू करून बाबासाहेबांनी हाच मार्ग दाखविला.

तेव्हा आमच्या तीन विनंत्या आहेत. विहाराच्या निधीतील काही भाग पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करणाऱ्यांसाठी राखावा. मुलींना यात प्रथम स्थान असावे. जे डॉक्टर झाले आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार वस्तीत येऊन मुले तपासावीत, आणि शंका असलेल्या बालकास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती सोय आहे. तिसरी विनंती माताभगिनींना : मुलाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना गाठा.

मराठवाड्याच्या मुलांसाठी मराठवाड्याचेच तज्ज्ञ उभे राहावेत. तो तज्ज्ञ कदाचित आज याच सभागृहात, मागच्या रांगेत बसलेला असेल. त्याला साडेअकरा वर्षे धीर देणे, एवढे आपल्या हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!