हत्यारालाही दुपारची सुट्टी द्या



खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून त्यांना हळद-कुंकू वाहतो, फूल वाहतो. दसरा झाला की परत वर्षभर त्यांच्याकडे बघत नाही. इथे दुबई-शारजात मेंटेनन्स, सुतारकाम, फॅब्रिकेशन करणारे आपले बरेच श्रोते आहेत. त्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते, "चांगल्यातलं ड्रिल घेतलं होतं, वर्षात जळालं."

मी बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये आहे. माझा अनुभव असा, की मशीन सहसा एकदम मरत नाही. आधी त्यातला चहा-पराठ्याच्या किमतीचा एखादा भाग संपतो. आपण लक्ष दिलं नाही, तर तो अख्ख्या मशीनला घेऊन जातो.

वायरवाल्या ड्रिल-ग्राइंडरमध्ये असे दोन भाग म्हणजे कार्बन. ते झिजण्यासाठीच बनवलेले असतात. मोटरच्या खाचांमधून मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या, मशीन मध्येच अडखळू लागलं, की थांबा आणि कार्बन बघा. संपलेल्या कार्बनवर मशीन रेटलं तर आर्मेचर खराब होतं, आणि मग दुरुस्तीपेक्षा नवं मशीन बरं वाटतं. बदलताना दोन्ही कार्बन एकदम बदला. ब्रशलेस मशीनला कार्बन नसतात, म्हणून रोजच्या कामाला ते चांगलं. पण धूळ आणि उष्णता त्यालाही सोडत नाही.

आता उष्णतेचं बघा. आतला पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो. तुम्ही अंगाचा भार टाकून ड्रिल दाबलंत की वेग पडतो, म्हणजे वारा कमी आणि करंट जास्त. मशीन जळतं ते इथे. हाताला चटका बसू लागला तर लगेच खाली ठेवू नका. मिनिटभर भाराशिवाय मोकळं फिरवा, आतली गरम हवा बाहेर जाऊ द्या. आणि दिवसभर काँक्रीटला भोकं पाडायची असतील तर साध्या ड्रिलचा छळ करू नका, एसडीएस रोटरी हॅमर मागून घ्या.

१५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम इथे कायद्यानेच बंद असतं. तेव्हा तुम्ही सावलीत बसता, पण बॅटरी मात्र पिकअपच्या डॅशबोर्डवर भाजत असते. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने कमी होतं. तिलाही सावलीत आणा. कामावरून काढलेली गरम बॅटरी आधी निवू द्या, मग चार्जरला लावा.

हातातल्या हत्यारांचंही असंच आहे. हातोड्याचे घाव खाऊन छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरतं. त्याच्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. ती कड वेळीच ग्राइंड करून काढा. हातोड्याचा दांडा हलत असेल तर आजच बसवा. आणि पक्कड म्हणजे हातोडा नव्हे!

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या साइटवर एकाने गार्ड काढून छोट्या ग्राइंडरला नऊ इंची डिस्क लावली. छोटं ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. नऊ इंची डिस्क जेमतेम ६,६०० फेऱ्यांसाठी असते. डिस्क फुटली, त्याची दोन बोटं गेली. तेव्हा डिस्कवर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नाही ना, ते बघा. मधल्या धातूच्या कडीवर तारीख छापलेली असते. तीही बघा. मुदत संपलेली, ओली झालेली, पडून तडा गेलेली डिस्क फेकून द्या. फोरमन "चालवून घे" म्हणाला, तरी नाही म्हणा. मशीन कंपनी दुसरं देईल. बोटं कोण देणार?

तर आज रूमवर जाण्याआधी पेटी एकदा उघडून बघा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, नमस्कार!